मान वळवून बघणारा कवी : अरुण कोलटकरांची देवळं आणि पुराणं

एक माणूस देवळात जातो. रखुमाई जागेवर आहे, पण शेजारी विठ्ठल नाही, नुसती वीट आहे. माणूस म्हणतो, असू दे, रखुमाई तर रखुमाई, कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवायचं ना. डोकं ठेवतो आणि पुढेमागे आपल्यालाच लागेल म्हणून परत काढूनही घेतो. निघता निघता सहज विचारतो, विठू कुठे गेला, दिसत नाही? रखुमाई म्हणते, कुठे गेला म्हणजे, माझ्या उजव्या अंगाला उभा नाही का? तो पुन्हा बघतो, खात्री करून घेतो, आणि सांगतो की तिथे कुणी नाही. मग ती बोलू लागते. जन्म नाकासमोर बघण्यात गेला, बाजूचं जरा कमीच दिसतं. मान दगडासारखी धरली आहे, इकडची तिकडे होत नाही. खांद्याला खांदा लावून तो असेलच या भरवशावर आपण उभ्या राहिलो. आषाढी-कार्तिकीला एवढी माणसं येतात, पण हे कधी कुणी सांगितलं नाही. आणि मग तिला भेटायला एकदमच धावून येतं ते 'अठ्ठावीस युगांचं एकटेपण'.

ही अरुण कोलटकरांची 'वामांगी'. कोलटकर अवघड आहेत, देवाच्या बाजूने आहेत की विरुद्ध तेच कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आधी ही कविता वाचायला सांगतो. स्वयंपाकघरात बोलला जाणार नाही असा एकही शब्द तिच्यात नाही. आणि तरी त्यांच्या सगळ्या लिखाणात शिरायची वाट इथूनच जाते.

नावापासून सुरुवात करू. 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा, वामांगी रखुमाई दिसे दिव्य शोभा' ही नामदेवांची आरती आपण इतक्यांदा म्हटली आहे की शब्द तोंडातून येतात, पण डोक्यात शिरत नाहीत. वाम अंग म्हणजे डावं अंग. आरतीत युगं मोजली आहेत ती विठ्ठलाच्या उभं राहण्याची. रखुमाई ही त्याच्या डाव्या बाजूची शोभा. कोलटकर तीच आरती घेतात आणि रखुमाईच्या जागी जाऊन उभे राहतात. ती त्याच्या डावीकडे, म्हणजे तो तिच्या उजवीकडे. म्हणून कवितेतली रखुमाई 'उजव्या अंगाला' म्हणते. अठ्ठावीस युगं तीही उभी आहे, पण तिची कुणी मोजली नाहीत. शिवाय पंढरपूरला रुक्मिणीचं देऊळ वेगळंच आहे, विठ्ठलाच्या देवळाच्या मागच्या अंगाला. ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली ही कथाही घराघरात माहीत असते. आरतीतली जोडी आपल्याला पाठ होती आणि त्या दोघांमधलं अंतरही ठाऊक होतं. ही दोन टोकं एकत्र धरून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

कवितेची सुरुवात हलकीफुलकी आहे. डोकं ठेवायचं, परत घ्यायचं, याला आपण हसतो. शेवटाला पोचेपर्यंत ते हसू घशात अडकतं. यात देवीची टवाळी कुठे आहे? उलट इतक्या दर्शनार्थींमध्ये तिची चौकशी करणारा हा पहिलाच माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की कोलटकरांनी आयुष्यभर कवितेत हेच केलं, धरलेली मान सोडवली. देवळात गेलं की आपली नजर गाभाऱ्याकडे जाते, पुराण ऐकताना नायकाकडे, यात्रेत कळसाकडे. ते बाजूला बघतात, आणि बघितलेलं अगदी साध्या शब्दांत सांगतात.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले आणि जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजले गेले. ही माहिती कवितेसाठी महत्त्वाची आहे, कारण त्यांची नजर चित्रकाराची आहे. मत मांडण्याआधी वस्तू बघायची, ती कुठे आहे, कशी पडली आहे, प्रकाश कुठून येतो आहे ते टिपायचं. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत. काही कविता दोन्हीकडे आहेत, पण एक मूळ आणि दुसरी भाषांतर असा तो सरळ हिशेब नाही. १९७६ मध्ये इंग्रजी 'जेजुरी' आली, १९७७ मध्ये मराठीत 'अरुण कोलटकरच्या कविता'. त्यानंतर जवळजवळ पाव शतक नवं पुस्तक नाही. मग शेवटच्या एक-दोन वर्षांत 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' आणि इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स', 'सर्पसत्र' अशी रांगच लागली. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले. मराठी पुस्तकं अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. 'जेजुरी'चं मराठी पुस्तकही प्रासनेच काढलं, पण ते कोलटकर गेल्यानंतर.

आता 'जेजुरी'कडे येऊ, कारण श्रद्धा की अश्रद्धा हा सगळा गोंधळ सुरू होतो तो याच पुस्तकापासून.

जेजुरी म्हणजे खंडोबा, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातला गड, त्याहून जुनं कडेपठार, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या, 'यळकोट यळकोट जय मल्हार', मणी आणि मल्ल हे दैत्य, म्हाळसा आणि धनगराची बाणाई, वाघ्या-मुरळी. कोलटकर साठच्या दशकात तिथे गेले ते धाकटा भाऊ मकरंद आणि लेखक मित्र मनोहर ओक यांच्याबरोबर. दोघांच्याही नावाची एकेक कविता पुस्तकात आहे. पुस्तकात एकूण ३१ कविता. एसटीतून सुरुवात आणि रेल्वे स्टेशनवर शेवट. म्हणजे यात्रेचा आकार पूर्ण आहे, जाणं, फिरणं, परतणं. मधलं दर्शन मात्र आपल्या अपेक्षेप्रमाणे होत नाही.

मकरंदच्या कवितेत सांगण्यात येतं की सदरा काढ आणि आत जाऊन पूजा कर. बोलणारा म्हणतो, मी नको, तुला जायचं तर तू जा. जाण्याआधी काडेपेटी तेवढी देऊन जा, मी बाहेर अंगणात थांबतो, तिथे सिगारेट ओढली तर कुणाची हरकत नसेल. देवाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात असा एक माणूस असतोच. चपला सांभाळत बाहेर थांबतो, आणि गंमत म्हणजे देवळाचं आवार त्यालाच सगळ्यात नीट माहीत असतं.

मनोहरच्या कवितेत एक दार उघडं दिसतं. मनोहरला वाटतं अजून एक देऊळ. आत कुठला देव आहे बघावं म्हणून तो डोकावतो, तर मोठ्या डोळ्यांचं वासरू त्याच्याकडे बघतंय. हे देऊळ नव्हे, गोठा आहे. कविता तिथेच थांबते. आत देव नव्हता याचं दुःख नाही आणि वासरातच देव आहे असा उपदेशही नाही. माणसाने आत पाहिलं आणि आतून कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, एवढंच घडलं. देवळात आपण ज्यासाठी जातो ते, म्हणजे बघणं आणि बघितलं जाणं, गोठ्यात होऊन गेलं.

पडक्या मारुतीच्या देवळाची कविताही अशीच. छप्पर मारुतीच्या डोक्यावर कोसळलेलं आहे आणि कुणाला त्याचं काही पडलेलं दिसत नाही, मारुतीला तर नाहीच. एका गावठी कुत्रीने ढिगाऱ्यात पिल्लं घातली आहेत. कवी म्हणतो, हे आता पूजेचं ठिकाण राहिलं नाही, पण देवाचं घर मात्र आहेच. इंग्रजी वाचकाला इथे उपरोध दिसतो. मराठी वाचकाने जरा थांबून आठवावं की खंडोबाच्या टाकांवर आणि चित्रांत त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवतात. जेजुरीत कुत्री उपरी नाही. ती घरचीच आहे.

सगळ्यात जवळून बघावं असं जोडपं म्हणजे पुजाऱ्याच्या मुलाची कविता आणि तिच्या लगेच पुढची फुलपाखराची कविता. पुजाऱ्याचा पोरगा पाहुण्यांना डोंगर दाखवतो आहे. हे पाच डोंगर म्हणजे खंडोबाने मारलेले पाच दैत्य. पाहुणा विचारतो, तुझा खरंच विश्वास आहे का या गोष्टीवर? पोरगा उत्तर देत नाही. अवघडतो, खांदे उडवतो, नजर दुसरीकडे वळवतो. आणि वळलेल्या नजरेला सुकलेल्या गवतात काहीतरी हललेलं दिसतं. तो म्हणतो, ते बघा, फुलपाखरू.

पान उलटलं की फुलपाखरू. या फुलपाखरामागे कुठलीही गोष्ट नाही, असं कवी सांगतो. डोंगरामागे दैत्य आहे, दगडामागे शाप आहे, भेगेमागे तलवारीचा घाव आहे. अख्ख्या जेजुरीत दगड खरवडला की कथा उगवते. तिथे हा एकच जीव असा आहे की त्याला मागचं नाही, पुढचं नाही. रंग पिवळा. आता पिवळं म्हटलं की जेजुरीत दुसरं काय आठवणार? कवी भंडाऱ्याचं नावही काढत नाही, आणि मला ते न काढणंच आवडतं. इवल्याशा पंखांखाली त्याने ते रखरखीत डोंगर घेतले आहेत, एवढं सांगून तो थांबतो.

आता त्या पोराने काय केलं ते बघा. 'विश्वास आहे की नाही' या प्रश्नाला हो म्हटलं तर शहरातले पाहुणे हसणार, नाही म्हटलं तर बापाचा धंदा आणि घराण्याचा देव दोन्ही खोटे पडणार. त्याने मान वळवली. एका मुलाखतीत देवावर विश्वास आहे का असं विचारल्यावर कोलटकरही साधारण हेच म्हणाले होते की हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, देवाबद्दल एक काहीतरी भूमिका घेतलीच पाहिजे असं मला वाटत नाही. बरेच जण याला पळवाट समजतात. मला वाटतं हा कवितेपुरता घेतलेला पक्का निर्णय आहे. भूमिका घेतली की जे दिसतं त्यातलं निम्मं दिसेनासं होतं. नास्तिकाला पुजाऱ्याची लबाडी तेवढी दिसते, भाविकाला मूर्ती तेवढी. पायरी म्हणून वापरला जाणारा दगड खरं तर आडवा पडलेला खांब आहे, हे त्या दोघांच्याही नजरेतून सुटतं. कोलटकरांना ते दिसतं, आणि त्यावर चार ओळींची कविता होते.

म्हातारीची कविता अनेकांनी कॉलेजात वाचलेली असते. ती बाही धरते आणि पन्नास पैसे मागते, घोड्याच्या नालाचं देऊळ दाखवते म्हणते. तुम्ही ते बघितलेलं असतं, तरी ती लंगडत मागे येते. चिकटलेलं कुसळ झटकावं तसं तिला झटकून टाकायचं ठरवून तुम्ही वळता. तेवढ्यात ती म्हणते, या असल्या डोंगरात म्हाताऱ्या बाईने दुसरं करायचं तरी काय? तुम्ही तिच्या डोळ्यांतून आरपार आभाळ बघता, बंदुकीच्या गोळ्यांनी पडलेल्या भोकांसारखे ते डोळे. तिच्या चेहऱ्यावरच्या भेगा वाढत जातात, डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ काचेसारखं फुटून तिच्याभोवती पडतं, आणि तुम्ही तिच्या हातातली चिल्लर होऊन जाता. यात्रेकरू देणारा असतो, ती घेणारी. शेवटी सगळं उलटून जातं. तीर्थक्षेत्री माणसाचा अहंकार गळावा अशी अपेक्षा असते ना? इथे तो गळतो, फक्त गाभाऱ्यात नाही, रस्त्यावर, आणि पन्नास पैशांपायी.

देवही असेच कडेला भेटतात. यशवंतराव हा देवळाच्या भिंतीबाहेर बसलेला, हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही असा काळा दगड. आत राहणारे देव कुणी सोनं मागतात, कुणी जीव मागतात. यशवंतराव हाडं सांधतो. हात तुटला तर हात देईल, पाय तुटला तर पाय. त्याला स्वतःला अवयव नाहीत म्हणून तुमचं दुखणं त्याला जरा जास्त कळतं. ही कविता वाचताना कवीला देवाची ॲलर्जी आहे असं कुणाला वाटूच शकत नाही. त्याला आवडता देव सापडला आहे, तो दुय्यम दर्जाचा आहे एवढंच. वाघ्याच्या गाण्यातही तसंच. वाघ्या म्हणतो, दिवसा खंडोबाचं देऊळ आपलं आपण उभं राहतं, पण रात्री ते पडू नये म्हणून ज्योतीचा टेकू लावावा लागतो, तेव्हा तेल वाढा. तेल मागण्याची याहून सुंदर रीत मला माहीत नाही.

भालचंद्र नेमाड्यांनी या पुस्तकावर आक्षेप घेतला होता की कोलटकर मुंबईहून सुट्टीला आलेल्या पर्यटकासारखे जेजुरीत येतात आणि निघून जातात, त्यात फारसं गांभीर्य नाही. आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पोटासाठी, नवसासाठी, कुळाचारासाठी जेजुरीला येणाऱ्या माणसाचा अनुभव या पुस्तकात आतून आलेला नाही, हे खरंच आहे. सोमवतीला कऱ्हेवर निघालेल्या पालखीखाली खांदा देणाऱ्याला जे वाटतं ते इथे सापडणार नाही. पण परका माणूस म्हणून कवीने स्वतःला लपवलेलं नाही. 'तुम्ही' म्हणून म्हातारीच्या हातात चिल्लर होणारा तोच आहे. आणि यात्रेत असा अर्धवट श्रद्धेचा, आत जावं की न जावं या घोळात उंबऱ्यावर रेंगाळणारा माणूस आज जेवढा आहे तेवढा पूर्वी नव्हता. त्याची यात्रा कुणीतरी लिहायला हवीच होती.

परतीच्या वाटेवर, जेजुरी गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये, हा माणूस एका शेताकडे बघत उभा राहतो. गावात पुजाऱ्यांची घरं किती, पायऱ्या किती, कमानी किती, याची मोजदाद मागे पडली आहे. समोर ज्वारीत डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारत नाचतायत. छापील पानावर इथे शब्द ओळीत राहतच नाहीत, वर-खाली उडत सुटतात. देवळात न आलेलं अंगात येणं शेतात येतं, असं मला ती पानं बघताना दर वेळी वाटतं.

मग अध्यात्माचं काय? इथे संतांकडे जावं लागतं. कोलटकरांनी जनाबाई, नामदेव, मुक्ताबाई, तुकाराम यांचे अभंग इंग्रजीत नेले. ते नुसते अभ्यासक नव्हते. पखवाज शिकले होते आणि बळवंतबुवा नावाच्या भजनी बुवांच्या संगतीत त्यांनी बराच काळ काढला. बुवांच्या तोंडचं आयुष्य, त्यांची बोली, वारी हे सगळं 'चिरीमिरी'त उतरलं आहे. संत आणि आधुनिक कवी ही दोन टोकं मानली की कोलटकर कळत नाहीत. जनाबाई काय म्हणते बघा: 'देव खाते देव पिते, देवावरी मी निजते.' सोवळंओवळं सांभाळणाऱ्या माणसाला हे झेपणारं नाही. तुकोबा देवाच्या घरी देवानेच चोरी केली, देवाला देवाने नागवलं म्हणतात. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. देवाशी भांडावं, त्याला उणंदुणं बोलावं, त्याला घरकामाला लावावं, ही आपली सातशे वर्षांची वहिवाट आहे. 'वामांगी'तला डोकं परत काढून घेणारा माणूस तिथून आला आहे. फरक एकच, संत शेवटी देवाच्या गळ्यात पडतात आणि कोलटकर उंबऱ्यावर थांबतात.

पुराणांकडे ते वळले तेव्हा हीच मान आणखी जोरात वळली. 'सर्पसत्र' ही गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला म्हणून त्याचा मुलगा जनमेजय जगातले सगळे साप जाळायचा यज्ञ मांडतो. सहसा कथा इथून सुरू करतात. कोलटकर गाठ मागे सोडवत नेतात. तक्षकाचं वैर कशामुळे? कृष्ण आणि अर्जुन यांनी अग्नीची भूक भागवायला खांडववन जाळलं, त्यात तक्षकाची बायको अर्जुनाच्या बाणाने मेली. परीक्षित त्याच अर्जुनाचा नातू. म्हणजे आग एकच आहे, पिढ्यांमागून पिढ्या पेटत आलेली.

कवितेत बोलणाऱ्यांपैकी सगळ्यात मोठा आवाज जरत्कारूचा आहे. ती नागकन्या, वासुकीची बहीण, आणि आस्तिकाची आई. तिचा नवरा ऋषी, म्हणून मुलगा दोन्हीकडचा. हाच मुलगा जाऊन यज्ञ थांबवणार आहे. आई त्याला समोर बसवून सांगते, खांडववनात काय काय जळालं. हत्ती, हरणं, पक्षी, झाडं, औषधी आणि त्या झाडापाल्याचं ज्ञान असलेली माणसंही. अर्जुनाच्या गांडीवाचं वर्णन आपण शाळेपासून ऐकतो. ते धनुष्य त्याला मिळालं ते याच कामासाठी, हे सहसा ऐकू येत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी महाभारतात उघड लिहिलेली आहे: व्यासांचं महाभारत वैशंपायनाने पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं ते याच यज्ञमंडपात. एकीकडे कुंडात साप पडतायत, दुसरीकडे राजा आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची कथा ऐकतो आहे. आपला सगळ्यात मोठा ग्रंथ तिथे जन्मला. कोलटकरांची कविता वाचल्यावर मला आदिपर्व पुन्हा पूर्वीसारखं वाचता आलेलं नाही.

ही कविता मराठीत 'भिजकी वही'त आहे. त्या नावाकडे वळू. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या, कोरड्या निघाल्या, ही देहूची कथा. कोलटकर उलटं नाव ठेवतात. यांची वही भिजलेली आहे आणि ती बायकांच्या रडण्याने भिजली आहे. नवऱ्याच्या देहाचे तुकडे गोळा करत फिरणारी इजिप्तची आयसिस. खरं तेच सांगणारी आणि जिच्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही असा शाप असलेली ट्रॉयची कॅसॅन्ड्रा. धर्मवेड्या जमावाने मारलेली अलेक्झांड्रियाची गणितज्ञ हायपेशिया. बसऱ्याची सूफी राबिया, लैला, ऋग्वेदातली अपाला, एका पैंजणासाठी मदुरा जाळणारी कण्णगी. नवऱ्याच्या कविता हुकूमशाहीत कागदावर ठेवता येत नाहीत म्हणून पाठ करून जपणारी रशियाची नादेझ्दा. व्हिएतनाममध्ये अंगावरचे जळते कपडे टाकून रस्त्यावरून धावणारी किम, जिचा १९७२ चा फोटो जगाने पाहिला.

पुराण, इतिहास आणि वर्तमानपत्र इथे एकाच पंगतीला बसतात. वाचकाला सुरुवातीला दमायला होतं, कारण प्रत्येक बाईची गोष्ट आधी माहीत करून घ्यावी लागते. पण एक सूत्र धरलं की वाट सापडते. प्रत्येक कथेत पुरुषाचा पराक्रम, शोध, धर्म किंवा युद्ध मधोमध असतं आणि बाई कडेला रडत असते. कवी त्या रडणाऱ्या बाईकडे वळून बसतो आणि तिला बोलू देतो. रखुमाईच्या एकटेपणाची ही जगभर पसरलेली बिरादरी आहे. या पुस्तकाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कोलटकर नव्हते.

आणि मुंबई? 'काळा घोडा' हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो घोड्यावरच्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला गेला. पुतळा गेला, नाव राहिलं. कोलटकरांच्या काळात रिकामी जागा, रिकामी वीट, असं पुन्हा तेच. तिथल्या वेसाइड इन या उपाहारगृहात कोलटकर वर्षानुवर्षं बसत. खिडकीतून दिसणारा चौक हेच त्यांचं शेवटचं तीर्थक्षेत्र म्हणायला हवं. सकाळी वाहतूक सुरू होण्याआधी त्या चौकात एक गावठी कुत्रा पसरलेला असतो. तो आपली वंशावळ सांगतो. एका बाजूने म्हणे तो मुंबईचा इंग्रज गव्हर्नर बार्टल फ्रिअर साहेबाने विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांच्या कुळातला, आणि दुसऱ्या बाजूने थेट महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याच्या. महाभारतातली ती शेवटची यात्रा. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा पोचला. त्याचा वंशज वाहतूक बेटावर झोपला आहे, आणि सकाळची रहदारी सुरू झाली की मुकाट उठून जागा सोडतो. त्याच पुस्तकात हातगाडीतला कचरा पायांनी तुडवून बसवणारी एक झाडूवाली आहे. कवितेचं नाव 'मीरा'.

वाचायला सुरुवात करायची असेल तर 'वामांगी' मोठ्याने वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवा, शक्यतो आईला. नंतर मराठी 'जेजुरी' एका बैठकीत, एसटीपासून स्टेशनपर्यंत, कारण त्या कविता सुट्या वाचल्या की यात्रा हरवते. 'सर्पसत्र' उघडण्याआधी आदिपर्वातलं खांडवदहन आणि आस्तिकाची कथा मराठी भाषांतरात चाळून घ्या. 'भिजकी वही' मात्र जाड आहे आणि घाईने वाचायची नाही. एका वेळी एक बाई, आणि तिचं ऐकून झाल्यावर त्या दिवशी दुसरीकडे जायचं नाही.